मनाची वाक्यं

माझा आवाज मोठा होता आणि त्याचा मला माज होता, हे आधीच सांगून टाकतो. गाडी शिकवण्याचा धंदा. शेजारच्या सीटवर बसून दिवसभर ओरडायचं, "क्लच! अहो क्लच! तो ब्रेक झाला!" माझ्या पायाशीही एक जादा ब्रेक आणि क्लच असतो, दाबला की गाडी थांबते, ओरडायची तशी काही गरज नसते. पण ओरडल्याशिवाय माणूस शिकत नाही असं माझं ठाम मत. बायको म्हणायची, "तुमच्या गाडीत बसलेलं माणूस एक तर ड्रायव्हर होतं, नाही तर बहिरं होतं."

मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर सरळ माणूस. आढेवेढे न घेता म्हणाला, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, बोलणं जाईल. मी विचारलं, "थोडं तरी ठेवता नाही का येणार?" जसा काही भाव करायला बसलोय. बायकोला हसू आलं आणि हसता हसता ती तिथेच रडायला लागली.

त्याच डॉक्टरने एका केंद्राचा पत्ता दिला. बोलणं जाणाऱ्या माणसाचा आवाज तिथे साठवून ठेवतात. तिथली मुलगी सदानकदा हेडफोन लावून बसलेली असायची, म्हणून आम्ही तिला हेडफोनवालीच म्हणायचो. त्यांची ठरलेली वाक्यं मी त्यांच्या माईकसमोर बसून वाचायची, त्यावरून त्यांचं यंत्र माझ्यासारखा आवाज तयार करणार, आणि पुढे मी टॅबवर टाईप केलं की ते त्या आवाजात बोलणार.

"पण तो आवाज सपाट असतो हं काका," ती म्हणाली. "त्याला हसता येत नाही, चिडता येत नाही. म्हणून घरून तुमच्या मनाची वाक्यं रेकॉर्ड करून आणा. रोज घरात जे बोलता ते. ती आम्ही जशीच्या तशी ठेवू. एक बटण दाबलं की एक वाक्य, तुमचं खरं."

पण फोनमधली फाईल त्यांच्या यंत्राला चालत नव्हती. ती वेव्ह फाईलमध्ये बदलून द्यायची. मीडिया प्लेअरमध्ये बदलता येते, सोपं असतं, असं तिने सांगितलं आणि बायकोने मान डोलावली. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस तीच सांभाळते. कॉम्प्युटर तिचा, गाडी माझी, अशी आमच्यात पहिल्यापासून वाटणी आहे.

मनाची वाक्यं मी गाडीत बसून रेकॉर्ड केली. काचा वर केल्या की आमच्या गाडीसारखी शांत खोली घरात नाही. बायको म्हणाली होती, लहान लहान तुकडे करा. मी म्हटलं, तुकडे कसले करायचे, मी सलग बोलणार. अधेमधे थांबवायचो आणि पुन्हा तिथूनच पुढे, अशी सगळी मिळून एकच लांबलचक फाईल झाली. त्यात "अगं, ऐकलंस का?" चार तऱ्हांनी होतं. भूक लागल्यावरचं, चष्मा हरवल्यावरचं, चिडल्यावरचं, आणि उगीचच. शिकणाऱ्यांसाठी शिव्या होत्या, सभ्य आणि जरा कमी सभ्य. लेकीला मारायच्या हाका होत्या. तिला मी चिमणे म्हणतो. आणि गाढवाची गोष्ट होती. गाडी चालवायला शिकणारं गाढव, आणि प्रत्येक गिअरला त्याचं वेगळं रेकणं. चिमणी लहान असताना ही गोष्ट सांगून सांगून माझा घसा बसायचा. आता ती पोटुशी. फोनवर म्हणाली, "बाबा, गाढव घ्याच. माझ्या बाळाला दुसऱ्या कुणाचं गाढव चालणार नाही." मी बंद गाडीत मन लावून रेकलो. बाहेरून जाणारी एक बाई दचकून थांबली, तर तिला हात केला.

फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून ती फाईल मी लॅपटॉपवर घेतली आणि फोनमधून काढून टाकली. बायको म्हणाली, "आता हात लावू नका. ती बदलायचं काम मी करते."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ती हॉस्पिटलात रिपोर्ट द्यायला गेली होती. मी घरात एकटा. हात लावू नका म्हटलं की माझे हात शिवशिवतात, हा माझा जन्माचा रोग. शिवाय मीडिया प्लेअर उघडला तर त्याचं चिन्ह म्हणजे नारिंगी-पांढरा शंकू! रिव्हर्स शिकवताना मी मैदानात मांडतो तोच. म्हटलं, हा तर आपलाच माणूस, हा आपल्याला काय अडवणार.

बदला आणि ठेवा, असं कुठेसं होतं, ते दाबलं. फाईल दाखवली. वेव्ह निवडलं. मग त्याने विचारलं, कुठे ठेवू? माझ्या डोक्यात आलं, कोणती फाईल ते पुन्हा विचारतोय. म्हणून मी परत तीच फाईल दाखवली. त्यावर त्याने खिडकी उघडून विचारलं की या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी नवी ठेवायची का? मी हो म्हटलं. रिव्हर्स टाकायच्या आधी मागे बघा, मागे बघा, म्हणून ज्याने जगाचे कान किटवले त्या माणसाने मागे न बघता हो म्हटलं. ज्या भांड्यातून ओतायचं तेच भांडं खाली धरलं की काय व्हायचं? पण तेव्हा मला काही कळलं नाही. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी डोळ्यांसमोरून सर्रकन गेली, नवी फाईल कुठे दिसेना, जुनी होती तिथे दिसत होती. मला वाटलं, जमलं नाही, काहीच झालं नाही. बायकोला कळायला नको म्हणून गुपचूप सगळं बंद करून टीव्ही लावून बसलो.

सकाळी निघताना घाईच घाई. फाईल बदलायला तिला वेळच झाला नव्हता, म्हणून हेडफोनवालीने केंद्रातच बदलून घ्यायचं कबूल केलं होतं. खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. बायकोने फाईल पेन ड्राईव्हवर घेतली, तो उपटून पर्समध्ये टाकला आणि आम्ही निघालो. ऑपरेशनच्या खोलीकडे नेताना मी तिला शेवटचं काय बोललो असेन? "गिझर बंद केलास का?" हे.

बायकोने पेन ड्राईव्ह केंद्रात पोचवला, आणि मी अजून हॉस्पिटलातच पडून होतो तेव्हा हेडफोनवालीचा फोन आला. फाईल रिकामी आहे. "काकू, पेन ड्राईव्ह नीट काढला होता ना? चालू असताना ओढला तर असं होतं कधी कधी." बायकोचा चेहरा पडला. पण लगेच सावरून म्हणाली, "काही बिघडत नाही, लॅपटॉपवर आहे ना मूळ."

घरी आलो त्या दिवशी ती माझ्यासाठी सूप करायला आत गेली. मला राहवलं नाही. लॅपटॉप उघडला. फाईल तिथे होती, वजन शून्य. शेजारी शेवटच्या बदलाची वेळ होती. ऑपरेशनचा आदला दिवस, दुपार. त्या दुपारी बायको हॉस्पिटलात होती आणि घरात एकच शहाणा होता.

इथवरची माझी चूक म्हणजे गाढवपणा. गाढवपणाला माफी असते. पुढे जे केलं त्याला नसावी. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, आणि मी ती रिकामी फाईल डिलीट केली. कचरापेटीतूनही काढली. लॅपटॉप मिटला. गळ्याच्या नव्या भोकातून श्वासाचा फुसफुस आवाज येत होता.

ती सूप घेऊन आली, लॅपटॉप उघडला, आणि बघतच राहिली. फोल्डर रिकामा.

"अहो, मी कॉपी करायच्याऐवजी कट केलं वाटतं. घाईत. आणि वर तो पेन ड्राईव्ह ओढला. अहो, मी काय करून बसले हे!" तिने कपाळावर हात मारून घेतला.

माझ्या मांडीवर पांढरी पाटी आणि मार्कर होता. लिहायला काय लागतं? मी लिहिलं, "असू दे."

असू दे! काय मोठं मन! तिने ती पाटी छातीशी धरली आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कोडगेपणाला काही सीमा असते, तर ती मी त्या दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये ओलांडली.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. मी तिला जाऊ दिलं. संध्याकाळपर्यंत तिथल्या स्टुलावर बसून राहिली. दुकानदार म्हणाला, गेलेली फाईल शोधून दिली पण ती आतून पोकळच आहे, तिच्यात कधी काही होतं याचाही माग नाही. तिला वाटलं, पेन ड्राईव्ह ओढल्यानेच असं झालं असणार. परत आली तेव्हा पाय सुजले होते. मी तिला गरम पाणी करून दिलं, वर आणि माझी काळजी केल्याबद्दल रागावल्यासारखा चेहरा केला.

मग चिमणी आली. बायकोने दारातच सांगून टाकलं, चप्पल काढायचीही वाट बघितली नाही. "माझ्या हातून गेलं ग सगळं." चिमणी म्हणाली, "बाबा आयुष्यभर बोलले, तू ऐकलंस. मला एक गोष्ट हवी होती, फक्त एक. एवढं एक काम तुला जमलं नाही, आई?" माझ्याजवळ बसली, माझा हात धरला, आणि राहायला म्हणून आलेली पोर संध्याकाळीच निघून गेली. तेव्हापासून तिचा आईला फोन नाही. निरोप यायचे ते मला. आईला विचारलंय असं त्यात कधी नसायचं.

मला वाटलं होतं, होईल शांत, आतड्याचं नातं आहे. आणि मला बोलता येत नव्हतं हे निमित्त फार सोयीचं होतं. कुणी काही विचारलं की गळ्याकडे बोट दाखवायचं. मेव्हणा भेटायला आला तर म्हणाला, "भाऊजी, देवमाणूस आहात. दुसरा कुणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं." देवमाणसाने मान खाली घातली. त्यालाही तो माझा विनय वाटला.

पण खरी शिक्षा वेगळीच होती. बायको भांडेनाशी झाली. आमचा संसार भांडणावर चाललेला. मीठ, पंखा, टॉवेल, तिचा भाऊ, माझी बहीण, कशावरूनही आमची जुंपायची आणि दोघांनाही त्यातून भूक लागायची. आता मी पंखा बंद केला तर ती घाम पुसत बसायची. "चालेल ना तुम्हाला?" हे एकच वाक्य तिच्या तोंडात. बोलायची तेही हळू, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. एकदा मी मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकला. तिने तो उचलला, वाळत घातला आणि परत येऊन विचारलं, "दुसरा देऊ?" तेव्हा मी उठून गच्चीवर जाऊन बसलो.

हेडफोनवाली टॅब घेऊन आली. ठरलेल्या वाक्यांवरून आवाज तयार झाला होता. मी टाईप केलं, चहा दे. आणि टॅबमधून मी म्हणालो, "चहा दे." माझाच आवाज होता, पण त्यात मी नव्हतो. फाशी सुनावल्यासारखा चहा मागत होतो. बायकोने तोंडावर हात धरला. हेडफोनवाली म्हणाली, "काकू, मनाची वाक्यं असती तर..." बायको तिला म्हणाली, "माझ्यामुळे झालं बाई. तुझी मेहनत वाया घालवली मी." मी चहा प्यायलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चिमणीचा निरोप आला. माझा फोन टेबलावर होता आणि बायको टेबल पुसत होती, तिने आधी वाचला. "बाबा, बाळंतपणाला मी इथेच राहते. नर्स ठेवलीय. तुम्ही या. आईला आणू नका, मला तिच्याशी नीट बोलता येणार नाही आणि मला त्या वेळी त्रास नकोय."

बायकोने फोन होता तसा ठेवला. फडकं झटकलं. म्हणाली, "बरोबर आहे तिचं." आणि कपाट उघडून बाळासाठी शिवलेली झबली काढली, एकावर एक नीट ठेवली, पिशवीत भरली. "जाताना एवढं न्या," म्हणाली. "मी शिवली म्हणून सांगू नका. विकत आणली म्हणा."

मी टॅब ओढला.

आधी टाईप केलं, फाईल माझ्याकडून गेली असावी. असावी! मरायला टेकलो तरी पळवाट ठेवायची खोड जात नाही. पुसलं. मग लिहिलं, त्या दुपारी मी थोडा प्रयत्न केला होता. तेही पुसलं. शिकणारा माणूस क्लच सोडायला घाबरतो आणि गाडी जागच्या जागी थरथरत राहते, अशा माणसांवर मी किती ओरडलोय. शेवटी एका दमात टाईप केलं आणि बटण दाबलं.

"फाईल मी घालवली," टॅब म्हणाला. "तू हॉस्पिटलात असताना. जुनीच्या जागी नवी ठेवू का, असं लॅपटॉपने विचारलं तर मी हो म्हटलं. नंतर मला कळलं. रिकामी फाईल मीच पुसली, तुला दिसू नये म्हणून. पेन ड्राईव्हने काही झालं नाही. तू काही केलं नाहीस. मी तुला माफ केलं ते खोटं होतं."

चहा मागितला होता त्याच सुरात. पश्चात्ताप नाही, लाज नाही, आवंढा नाही. जे काही माझ्या आत चाललं होतं त्यातलं काही म्हणजे काही त्या आवाजात उतरलं नाही.

बायको पिशवी हातात घेऊन उभी होती. पिशवी खाली ठेवली. गॅसवर दूध होतं, जाऊन तो बंद केला. परत आली, आणि मग सुरू झाली.

"मी त्या दुकानात दिवसभर स्टुलावर बसले होते! तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला जाऊ दिलंत? माझी पोर माझ्याशी बोलत नाही, आणि तुम्ही तिथे सोफ्यावर बसून तिच्याकडून हात धरून घेतलात? झोपताना रोज मी मनातल्या मनात तुमच्या पाया पडत होते हो! बोलता येत नाही म्हणे! हात मोडले होते? ती पाटी काय शोभेला दिली होती? असू दे म्हणे! काय असू दे? कुणाचं असू दे?"

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला आमच्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. माझ्या आवाजाखाली कधी ऐकूच आला नसणार. मला मध्ये बोलता येत नव्हतं आणि बोलायचंही नव्हतं. मी उभा राहिलो आणि सगळं ऐकून घेतलं. गळ्याच्या भोकातून मात्र काहीतरी भलताच आवाज येत होता. रडणं असेल. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि क्षणभर वाटलं की आता जवळ येईल. ती आली नाही.

तिने माझा फोन उचलला, चिमणीला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"दाबा," मला म्हणाली. "जे मला ऐकवलंत ते तिला ऐकवा. सगळं. एक अक्षर गाळायचं नाही."

पलीकडून चिमणी म्हणाली, "बाबा?"

मी बटण दाबलं. टॅब पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बोलला. बायको हाताची घडी घालून उभी होती. पलीकडून एकदम हुंदका आला, आणि हसणंही.

"बाबा! तुमचा आवाज! अहो, अगदी तुम्हीच! किती दिवसांनी ऐकला मी... मला वाटलं होतं यंत्रासारखा असेल. अहो, इकडे या, लवकर या, बाबा बोलतायत!" ती नवऱ्याला हाका मारत होती.

बायकोने फोन तोंडाजवळ नेला. "चिमणे, ते काय म्हणाले ते ऐकलंस का?"

"नाही ग," चिमणी म्हणाली. किती तरी दिवसांनी ती आईला ग म्हणाली, आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं. "मी नुसता आवाजच ऐकत बसले. बाबा, परत बोला ना. आता नीट ऐकते. हे पण आलेत इथे. बोला."

बायकोने टॅब माझ्यापुढे सरकवला. मी परत बटण दाबलं.